शाखा आणि फाटे

इंग्रजीत ‘रॅमिफाय’ असे एक क्रियापद आहे. त्याचे मूळ लॅटिन. ‘रामुस’ म्हणजे फांदी, आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. फ्रेंचांकडून ते पंधराव्या शतकात इंग्रजीत आले. अर्थ सरळ आहे: फांद्या फुटणे, शाखा पसरणे. पुढे त्याच्या ‘रॅमिफिकेशन’ या नामाला गुंतागुंतीचा, बहुधा नकोशा परिणामांचा अर्थ चिकटला. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? ‘शाखा’ म्हटले की बरे वाटते. पण कोणी बोलण्याला फाटे फोडू लागला की पंचांच्या कपाळाला आठ्या पडतात!

सातारा-सांगलीच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ भेटतात. छत्रपतींच्या घराण्याच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्या. त्यांचा तंटा १७३१ साली वारणेच्या तहाने मिटवावा लागला. मिरजेच्या पटवर्धनांतून चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ साली वेगळे झाले आणि सांगलीचे संस्थान उभे राहिले. पुढे मिरजेतही थोरली पाती, धाकटी पाती झाली. दौलत तेवढीच, वाटेकरी मात्र वाढले.

आता दुसरी शाखा पाहू. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. तिचे बोधचिन्ह वडाचे झाड. वडाची फांदी लांबली की तिला पारंबी फुटते. पारंबी जमिनीत रुजली की तीच खोड होते आणि फांदीचा भार पेलते. भाऊरावांनी हेच केले. वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवली, राबून शिकली. गावोगावी मुष्टिफंडाचे धान्य गोळा झाले. एकदा वसतिगृहातले धान्य सरले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. मुले उपाशी राहिली नाहीत. आज संस्थेच्या सातशेंहून अधिक शाखा आहेत.

वाटणीची शाखा मूळ पुंजी खाते. पारंबीची शाखा नवी माती धरते. दाराला पाटी लागली म्हणजे शाळा रुजली असे नव्हे. आपल्या गावच्या शाळेने माती धरली आहे, की ती नुसतीच वर लोंबते आहे? गुरुजींनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून एवढे जरूर पाहावे. पारंबीला माती द्यायची ती गावानेच.