नांवांची ओळख

मराठ्यांच्या इतिहासाचे मोडी कागद वाचतांना अक्षर लागलें म्हणजे सर्व अर्थ लागला असें होत नाहीं. आधीं रेघ आंखून तिच्याखालीं सलग लिहीत जाण्याची ती रीत. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. मजकूर बाळबोधींत उतरवून शब्द तोडले, तरी इंग्रजीप्रमाणें विशेषनामाचें पहिलें अक्षर मोठें काढण्याची सोय आपल्या लिपींत नाहीं. म्हणून व्यक्ति ओळखवून देण्याचा भार संपादकावर पडतो.

हा भार केवढा, तें नागपूरकर भोसल्यांवरून कळेल. १७७५ सालीं पांचगांवच्या लढाईंत भाऊ साबाजी ज्याच्या हातून मेला, तो मुधोजी. त्याचा नातू आप्पासाहेब, हाही मुधोजीच. १८१७ सालीं चुलतभाऊ परसोजी याच्या खुनाचा आळ आला तो या नातवावर. नुसतें ‘मुधोजी’ छापलें तर आजोबाचें रक्त नातवाच्या आणि नातवावरचा आळ आजोबाच्या माथीं बसावयास वेळ लागत नाहीं.

बापाचें नांव जोडून भेद करावा, तर दत्तकाची अडचण. दुसरा रघुजी मुधोजीचा औरस पुत्र, पण जानोजीचा दत्तक. तिसरा रघुजी मूळचा बाजीबा. १८१८ सालीं गादीवर आला तेव्हां रघुजी झाला. उलट, बंगालच्या इतिहासांतला भास्कर पंडित आणि १७४४ सालीं अलिवर्दीखानानें दग्यानें मारलेला आपला भास्करराम कोल्हटकर, हीं नांवें दोन, माणूस एक.

पुण्याकडे पाहिलें तर नानासाहेब पेशवे हे बाळाजी बाजीराव, आणि नाना फडणीस हे बाळाजी जनार्दन. दोघेही नाना, दोघेही बाळाजी. शिवाय ‘नाना प्रकारचे’ यांतला नाना निराळाच. आतां हे ग्रंथ संगणकावर येत आहेत. तेथें ‘नाना’ शोधूं जातां यंत्र या तिघांनाही एका पंक्तीस बसवितें.

आमच्या मतें उपाय साधा आहे. मूळ पाठास हात लावूं नये. व्यक्ति प्रथम येईल तेथें चौकटी कंसांत तिचें पूर्ण नांव, नातें व मृत्यूचें साल द्यावें. सूचींत एका माणसाचीं सर्व नांवें एकत्र नोंदावीं. ओळख पटत नसेल तेथें प्रश्नचिन्ह घालावें, अंदाज दडपून छापूं नये. संशय उघड ठेवला तर पुढचा अभ्यासक तो फेडील. चुकीचें नांव ठामपणें छापलें, तर तीच चूक तो प्रमाण म्हणून पुढें नेईल.