घडीचा कॅमेरा आणि घरगुती इतिहास

वस्तुसंग्रहालयात तलवारी व नाणी पाहून थकलेला प्रेक्षक ज्या कपाटापुढे क्षणभरही थांबत नाही, तेथे कधी कधी चामड्याने मढविलेली एक काळी चपटी पेटी ठेवलेली असते. तिचे पुढील झाकण पाडले की आतून घडीदार भाता रुळांवरून बाहेर सरकतो व त्याच्या टोकाशी भिंग दिसते. हाच विसाव्या शतकाच्या आरंभीचा, फिल्मच्या गुंडाळीवर चालणारा घडीचा कॅमेरा होय. अमेरिकेतील ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने १८९७-९८ च्या सुमारास तो खिशात मावेल असा करून विकावयास काढला. १९०३ साली पोस्टकार्डाएवढे चित्र देणारा त्याचा थोरला भाऊ आला.

त्यापूर्वी छायाचित्र घेणे हे केवढे अवडंबर होते! आमच्या खानदेशच्या सीमेवर अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल याने घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसनच्या १८६४ सालच्या ग्रंथात आली. त्या काळची रूढ पद्धत म्हणजे काचेवर रसायन ओतून ती ओली आहे तोच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधारात धुवावयाचे. गुंडाळीच्या फिल्ममागे काळा कागद असल्यामुळे ती भर उजेडात बदलता येऊ लागली. कॅमेरा धंदेवाल्याच्या हातून सुटला आणि हौशी वकिलाबरोबर वा मामलेदाराबरोबर अंगणात, आडावर, जत्रेत हिंडू लागला.

योगायोग असा की, वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीच निघाला. ज्यांच्या नावाने १९२७ पासून धुळ्यास संशोधन मंडळ आहे, त्या राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेला अभ्यासक कागद, शाई व वळण पारखल्यावाचून पत्रावर विश्वास ठेवीत नाही. छायाचित्र मात्र डोळ्यांना दिसते म्हणून आपण खरे धरून चालतो! माझ्या मते हा भाबडेपणा होय. येथेही प्रथम यंत्र पारखले पाहिजे.

एकच उदाहरण पाहा. त्या काळच्या सामान्य फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. म्हणूनच पेटीच्या पाठीला तांबड्या काचेची खिडकी ठेवून तीतून चित्राचा आकडा निर्धास्तपणे पाहता येई. पण त्याच कारणाने आजीच्या कपाळीचे कुंकू काळे उमटले, तांबडे लुगडे चंद्रकळेसारखे दिसू लागले आणि गव्हाळ वर्ण नाहक सावळा झाला. अशा चित्रावरून कोणी तत्कालीन वेषभूषेवर लेख लिहिला, तर त्यात किती रंग चुकतील! सूर्य पाठीशी घेऊन चित्र काढावे, असा तेव्हाचा दंडक होता. त्यामुळे समोरच्यांच्या डोळ्यांवर ऊन येई. आमच्या पणजोबांच्या पिढीचा जो उग्रपणा आपण फोटोवरून गृहीत धरतो, त्यातील काही भाग तरी उन्हाचा असावा. खानदेशी उन्हाळ्यात भात्याचे चामडे सुकून घडीवर तडकले की तेथून उजेड शिरे आणि चित्रावर पांढरे पट्टे उठत. शिवाय ज्याने चित्र घेतले तो त्यात नसतोच. म्हणजे घरातील ज्या माणसाच्या दृष्टीने आपण सारे पाहतो, तोच अदृश्य!

भडगावाशेजारच्या चाळीसगावी केकी मूस (१९१२-१९८९) या थोर छायाचित्रकाराचे राहते घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. कलावंताची चित्रे त्याच्या वास्तूतच राहिली. घरगुती कॅमेऱ्याच्या नशिबी बहुधा फाटाफूट येते. यंत्र कपाटात जाते, चित्रे ट्रंकेत राहतात आणि निगेटिव्ह दिवाळीच्या साफसफाईत केरात जातात. वस्तुतः इतिहासाला सर्वांत उपयोगी तीच. १९१४ साली कोडॅकने पेटीच्या पाठीला एक लहान झडप बसविली. ती उघडून सळईने तारीख वा नाव लिहावे, म्हणजे ते फिल्मवरच उमटे. ही युक्ती शोधणाऱ्या गाइस्मनला ईस्टमनने ३ लाख डॉलर दिले असे सांगतात. कागदावर छापताना ही पट्टी पुष्कळदा कापली जाई. निगेटिव्हवर मात्र ती शाबूत असते.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पाकिटे असतील त्यांनी ती टाकण्यापूर्वी दोन चित्रांमधील पट्टी दिवसाच्या उजेडाकडे धरून पाहावी. दिव्याच्या ज्योतीजवळ नेऊ नये. त्या काळच्या पुष्कळ फिल्मा नायट्रेटच्या असल्याने झटकन पेट घेतात. लिहिलेली अक्षरे उलटी दिसली, तर फिल्म फिरवून धरावी.