परळचा पादचारी पूल : गिरणगावाच्या इतिहासातील एक साधन

पुलांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नद्यांवरील भव्य पुलांकडे जाते. लोहमार्ग ओलांडण्यासाठी उभारलेला पादचारी पूल हाही इतिहासाचे साधन होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि मुंबईतील परळ आणि पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पुलाची हकीकत रत्नागिरी जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाशी निगडित असल्यामुळे तिचा थोडक्यात परामर्श घेणे उचित होईल.

काही पावलांच्या अंतरावर दोन निराळी स्थानके असण्याचे कारण दोन कंपन्यांच्या स्वतंत्र कारभारात आहे. परळ हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे, तर एल्फिन्स्टन रोड हे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचे स्थानक होते. 1951 साली त्यांचे मध्य व पश्चिम रेल्वेत रूपांतर झाले. परंतु मार्गांची मूळ विभागणी तशीच राहिली.

1856 साली ताडदेवास पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे परळ-लालबाग हा गिरण्यांचा प्रदेश बनला. कामगारांचा मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातून होत असे. 1981 पर्यंत आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात मोडत होता. तुटपुंजी शेती आणि खोतीचा जाच यांमुळे घरातील कर्ता पुरुष आगबोटीने मुंबई गाठी व गाववाल्यांच्या खोलीत बिऱ्हाड करी. बहुतेकांची वस्ती गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असे आणि पाळ्यांमुळे वर्दळ दिवसभरात विभागली जाई.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर ही व्यवस्था मोडली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा अन्य उपयोग करण्याची वाट मोकळी केली आणि तेथे कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. नवा नोकरवर्ग दूरच्या उपनगरांतून, तोही सकाळच्या ठराविक वेळी, येऊ लागला. जमिनीचा उपयोग पालटला, गर्दीची वेळ पालटली. पुलाची रुंदी मात्र वाढली नाही.

29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसामुळे लोक जिन्यावर खोळंबले आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा अंत झाला. या अनर्थाचे खापर केवळ पावसावर फोडणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते. 31 ऑक्टोबर रोजी लष्कराकडून पूल बांधून घेण्याचे जाहीर झाले आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी तो खुला झाला. त्याच दिवशी करी रोड व आंबिवली येथील लष्करी पूलही वापरात आले. जे काम चार महिन्यांत होऊ शकले, ते तोपर्यंत न होण्याचे कारण अभियांत्रिकीच्या मर्यादेत शोधता येणार नाही.

जुलै 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी असे नामांतर झाले. मुंबईच्या एका गव्हर्नराचे नाव गेले. पण ज्यांच्या श्रमांवर हा परिसर वाढला त्या कोकणी कामगारांची नोंद कोणत्याही फलाटावर नाही. ती रत्नागिरीच्या घराघरांतील जुन्या पत्रांत आणि मनीऑर्डरच्या पावत्यांत सापडण्यासारखी आहे. ही कागदपत्रे कसरीच्या तोंडी पडण्यापूर्वी त्यांचा संग्रह करणे, हे येथील इतिहासाभ्यासकांचे निकडीचे कर्तव्य होय.