मराठवाड्यातील ख्रिस्ती सेवेचे पाचारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ हा शब्द विशिष्ट अर्थाने रूढ आहे. देवाने एखाद्या व्यक्तीस आपल्या सेवेसाठी बोलावणे म्हणजे पाचारण होय. त्याच्या दोन बाजू मानल्या जातात. व्यक्तीच्या अंतःकरणाला होणारी जाणीव ही एक, आणि मंडळीने ती पारखून हस्तार्पणाद्वारे दिलेली मान्यता ही दुसरी. धर्मशास्त्रीय विवेचन बहुधा या दोन बाजूंपुरते मर्यादित राहते. इतिहासाच्या अंगाने पाहता मात्र तिसरा प्रश्न उपस्थित होतो : पाचारणाची किंमत कोण मोजतो? प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

न्यायालयासमोर आलेले पाचारण

मराठवाड्यातील सुवार्ताकार्याचा इतिहास रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या नावाशी निगडित आहे. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबर १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि श्रीपत अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याच्या शुद्धीकरणाचा पुरस्कार केल्यामुळे बाळशास्त्री जांभेकर यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाची श्रद्धा कायद्याने त्याची स्वतःची मानली, तर दुसऱ्याची पित्याच्या हक्काखाली आली. अंतःकरणातील हाकही समाजात वावरू लागली की तिला वय, जात आणि कायदा यांना सामोरे जावे लागते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

जालना आणि बेथेल

१८५४ मध्ये नारायण शेषाद्री यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना येथे कार्य आरंभिले. जालना येथे लष्करी छावणी होती. परंतु त्यांचे श्रोते प्रामुख्याने भोवतालच्या खेड्यांतील मांग व इतर दलित जातींतील होते. दिवाण सर सालारजंग यांच्या अनुकूलतेने जमीन मिळाली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’, म्हणजे ‘देवाचे घर’, ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली.

गावगाड्यात बलुत्यावर जगणाऱ्या कुटुंबाने धर्मांतर केल्यास त्याच्या निर्वाहाचा आधार धोक्यात येई. जमिनीचा प्रश्न म्हणूनच सुवार्तेच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नव्हता. ब्राह्मण कुळातून आलेल्या पाळकाने आपल्या पाचारणाचा अर्थ अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांमध्ये वस्ती करणे असा लावला, ही या प्रयोगाची सामाजिक बाजू होय. त्याच वेळी त्याचा पाया एका दिवाणाच्या कृपेवर आणि परदेशी मंडळ्यांच्या आस्थेवर उभा होता, हेही नाकारता येत नाही. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस नारायण शेषाद्री उपस्थित होते. १८९१ मध्ये समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले.

वेतन आणि स्वातंत्र्य

बेथेलच्या संदर्भात उपस्थित होणारा परावलंबनाचा प्रश्न मराठवाड्याला लागून असलेल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अधिक उघडपणे मांडला गेला. तेथील अमेरिकन मराठी मिशनने हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्येच पाळकपदाची दीक्षा दिली होती. मंडळ्या स्वावलंबी व स्वशासित व्हाव्यात, हा अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा आग्रह होता. तथापि एतद्देशीय सेवकांचे वेतन दीर्घकाळ मिशनकडूनच येत राहिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा आणि १९०४ मध्ये दीक्षा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने प्रयोगास पुरेसा अवधी मिळाला नाही. परंतु पाचारण आणि नोकरी यांतील भेद त्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखवून दिला.

नांदेड-लातूरचे वास्तव

उदगीर, अहमदपूर व निलंगा हे आजच्या लातूर जिल्ह्यातील तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि बीदर हे मेथॉडिस्ट मिशनचे केंद्र होते. नांदेडच्या देगलूर परिसरात मराठीबरोबर तेलुगू व कन्नडही कानी पडते. अशा सीमाभागात सेवकाला एका भाषेच्या शिक्षणावर भागत नाही. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ येथे १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी कार्यरत होती. १९८३ मध्ये ती पुण्यास स्थलांतरित झाली. ग्रामीण उमेदवाराच्या दृष्टीने उच्च धर्मशास्त्रीय शिक्षणाचे हे केंद्र दूर गेले.

याहून गंभीर बाब घटनात्मक आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशान्वये ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख व बौद्ध धर्मीयांना तो अनुक्रमे १९५६ व १९९० मध्ये खुला झाला. सामान्य श्रद्धावंत आपली श्रद्धा खाजगी ठेवू शकतो. पाळकास ते शक्य नसते. त्यामुळे दलित कुटुंबातील तरुणाने सेवेचे पाचारण जाहीरपणे स्वीकारणे म्हणजे शिक्षण व नोकरीतील संबंधित सवलतींवर पाणी सोडणे ठरते, आणि त्याचा परिणाम त्याच्यापुरता मर्यादित राहीलच असे नाही. पुढील पिढीलाही तो भोगावा लागू शकतो.

समारोप

१८४३ चे न्यायालय, सालारजंगाची जमीन, मिशनचे वेतन आणि १९५० चा आदेश या चारही टप्प्यांवर पाचारणाचे भवितव्य मंडळीबाहेरील सत्तेशी बांधलेले दिसते. नारायण शेषाद्री व टिळक यांच्यापाशी शिक्षण व प्रतिष्ठा होती. त्यांचा त्याग नोंदला गेला. खेड्यापाड्यांतील उपदेशक, शाळामास्तर आणि बायबल-बाया यांनी मोजलेली किंमत मात्र फारशी नोंदली गेली नाही. मंडळ्यांची बाप्तिस्मा-नोंदवही, जमिनीचे दस्त आणि वृद्धांच्या मौखिक आठवणी यांच्या आधारे हा इतिहास लिहिला जाणे अगत्याचे आहे. तसे झाल्यासच पाचारणाचा इतिहास काही थोरांच्या चरित्रांपुरता न राहता समाजाचा इतिहास होईल.