हिरवळीवरचे गुरुजी : डेव्हिड ब्रायंट

सन २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारताच्या चार महिलांनी दक्षिण आफ्रिकेस १७–१० असे नमवून लॉन बोल्सचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ‘हा खेळ तरी कोणता?’ असा प्रश्न आपल्याकडे अनेकांस पडला. ‘पेन्शनरांची करमणूक’ असे म्हणून त्यास हिणविणारेही निघाले. अशा मंडळींपुढे डेव्हिड ब्रायंट या इंग्रज खेळाडूचे चरित्र ठेवावे असे आम्हांस वाटते.

ब्रायंट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३१ रोजी सॉमरसेट परगण्यातील क्लीव्हडन या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील व आजोबा हा खेळ खेळत. त्यामुळे त्याचे संस्कार घरातच झाले. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला.

या खेळात मोठा गोळा हिरवळीवरून सोडून ‘जॅक’ नामक लहान गोळ्याच्या शक्य तितक्या निकट न्यावयाचा असतो. तथापि मोठ्या गोळ्याची घडण मुद्दामच असमान असते; वेग मंदावू लागला की तो एका अंगास अधिकाधिक वळतो. म्हणून लक्ष्य समोर दिसत असूनही नेम बाजूस धरावा लागतो. येथे मनगटाच्या जोरापेक्षा नजर, अंदाज आणि धीर यांचीच कसोटी लागते.

ओठांत पाईप धरून, आधी खाली बसून मग उठता उठता गोळा सोडण्याची ब्रायंट यांची लकब सर्वपरिचित होती. १९६२ साली पर्थ येथे त्यांनी राष्ट्रकुलातील एकेरी व चौकडी अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. १९६६ च्या किंग्स्टन येथील स्पर्धेत या खेळाचा समावेशच नव्हता; परंतु त्याच वर्षी सिडनीत भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ते एकेरीचे अजिंक्यवीर ठरले. पुढे १९७०, १९७४ व १९७८ अशी सलग तीन वेळा राष्ट्रकुलातील एकेरीची सुवर्णपदके त्यांच्याकडेच आली. १९८० मध्ये जागतिक एकेरीचा मान त्यांनी पुन्हा मिळविला.

आणि खरे नवल तर पुढेच आहे. १९८८ मध्ये ऑकलंड येथे तिसऱ्यांदा जागतिक एकेरी जिंकली, तेव्हा त्यांचे वय ५६ होते. टोनी ऑलकॉक यांच्यासह बंदिस्त मैदानावरील जागतिक दुहेरीचे सहावे अजिंक्यपद त्यांनी १९९२ साली पटकाविले, ते वयाच्या साठाव्या वर्षी. २७ ऑगस्ट २०२० रोजी, ८८ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या समारंभांतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या गृहस्थास आपण शालश्रीफळ अर्पण करतो आणि मागल्या रांगेतील खुर्ची दाखवितो. तो सन्मान मनःपूर्वकच असतो. परंतु त्या माणसाचा नेम अद्याप अचूक आहे काय, हे मात्र आपण विचारीत नाही. गोळा सर्वांत अधिक वळतो तो वेग ओसरल्यावर, आणि डावाचा निकालही बहुधा तेथेच लागतो. वाचकहो, पुढच्या सत्कारप्रसंगी शालीबरोबर एखादे कामही हाती द्यावे, एवढीच आमची विनंती.