सांतोरो, फाब्रिस

सांतोरो, फाब्रिस : (९ डिसेंबर १९७२). निवृत्त फ्रेंच टेनिसपटू. जन्म फ्रेंच पॉलिनेशियातील ताहिती बेटावर. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही तो दोन्ही हातांनी मारी. त्यातही त्याचा खरा हुकमी फटका म्हणजे दोन हातांनी कापलेला फोरहँड. चेंडू जाळ्यावरून अलगद तरंगत येई आणि टप्पा पडताच जमिनीलगत सरपटे. तो उचलायला धिप्पाड खेळाडूंना पार गुडघ्यांत वाकावे लागे. या कलाकारीमुळेच त्याला ‘जादूगार’ हे टोपणनाव मिळाले. जागतिक क्रमवारीत अव्वल राहिलेला रशियाचा मारात साफिन त्याच्याशी ९ सामने खेळला आणि ७ हरला!

एकेरीत त्याने ६ विजेतेपदे मिळवली. क्रमवारीत मात्र १७व्या स्थानापलीकडे मजल गेली नाही. ग्रँड स्लॅमची उपांत्यपूर्व फेरी त्याने एकदाच गाठली, तीही वयाच्या ३३व्या वर्षी, २००६च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत. दुहेरीत हात अधिक मोकळा होता. मिकाएल लोद्राच्या साथीने २००३ व २००४ची ऑस्ट्रेलियन आणि डॅनिएला हांतुखोवासह २००५ची फ्रेंच मिश्र दुहेरी त्याने जिंकली.

२००४च्या फ्रेंच स्पर्धेत पहिल्याच फेरीत देशबंधू आर्नो क्लेमांशी त्याची झुंज दोन दिवस चालली. एकूण ६ तास ३३ मिनिटे; पाचवा सेट १६-१४.

निवृत्ती जाहीर करूनही २०१०ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा तो खेळला आणि चार वेगवेगळ्या दशकांत ग्रँड स्लॅम एकेरी खेळणारा पहिला पुरुष ठरला. ती त्याची ७०वी ग्रँड स्लॅम स्पर्धा होती.