पाटपाणी ते गव्हाण: सहकारी साखर कारखान्यांची घडण

दख्खनच्या पठारावर साखर कारखाने आले ते कालव्यांच्या मागोमाग. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांकडे जास्त लक्ष दिले आणि १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. सरकारचा हिशेब साधा होता. पाऊस हुकला की शेतकरी पाणी मागतील आणि ज्वारी-बाजरी वाचेल. पण पाऊस बरा झाला त्या वर्षी पाणी कोणी घेईना, आणि पाणीपट्टीअभावी कालवा तोट्यात राही. वर्षभर आणि पैसे मोजून पाणी घेणारे पीक होते ऊस. सासवड भागातल्या माळ्यांना विहिरीवरच्या उसाचा अनुभव होता. ते पाटाच्या पाण्यामागे खालच्या गावांत उतरले, जमिनी खंडाने घेतल्या आणि गुऱ्हाळे घातली. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. तोवर शेणखत, पेंड, पाणीपट्टी आणि मजुरी यांत पैसा अडकून पडतो, आणि गुळाचा भाव पडला तर सगळेच बुडते. महाराष्ट्रातल्या ग्रामीण उद्योजकतेचा इतिहास या जोखमीपासून सुरू होतो. कारखान्याचे धुराडे त्यानंतर बरेच उशिरा उभे राहिले.

१९३० च्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिले आणि कालव्यांच्या काठी खासगी कारखाने झपाट्याने उभे राहिले. वालचंद हिराचंद यांचे रावळगाव आणि वालचंदनगर, डहाणूकरांचे टिळकनगर, आगाशे यांचे श्रीपूर ही त्यांतली ठळक नावे. बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना त्याहूनही आधीचा. यांतल्या अनेक कारखान्यांची मदार शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या स्वतःच्या मळ्यांवर होती. माळ्यांनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांनी भागभांडवल उभारून १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी काढली आणि १९३४ मध्ये माळशिरस तालुक्यात माळीनगरला गाळप सुरू केले. ती सहकारी संस्था नव्हती, पण ऊस पिकवणाऱ्यांनीच कारखाना चालवायचा ही कल्पना तिने खरी करून दाखवली. सहकाराच्या गौरवग्रंथांत माळीनगरला जेवढी जागा मिळते, त्यापेक्षा जास्त मिळायला हवी.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना हुकमी पाणी मिळाले. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण जेमतेम होते, पण सावकारी पाशातल्या शेतकऱ्याची नड त्यांना पुरती ठाऊक होती. गावात सहकारी पतपेढी काढून त्यांनी सुरुवात केली. त्यांना जोड मिळाली ती पुण्यातल्या एका अर्थशास्त्रज्ञाची. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. वाई तालुक्यातल्या शेतीव्यवहाराची पाहणी त्यांच्या संस्थेने केली होती, आणि कोणत्या समाजातून व्यापारी-कारखानदार घडले हा त्यांच्या अभ्यासाचा कायमचा विषय होता. भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावरचे त्यांचे पुस्तक पुढे १९५९ मध्ये आले. बागायतदारांच्या मेळाव्यांतून त्यांनी सहकारी कारखान्याची कल्पना मांडली आणि ती तडीला नेण्यासाठी स्वतः प्रवरा कारखान्याचे अध्यक्षपद घेतले. विखे पाटील उपाध्यक्ष झाले.

भांडवल गोळा करणे हे सर्वांत अवघड काम होते. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाग घ्यायला लावावे लागले, आणि पैसे बुडतील अशी धास्ती घालणारेही कमी नव्हते. मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी भागभांडवल मिळवून दिले, नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली. सहकारी साखर कारखान्याचे प्रयत्न १९३० च्या दशकात मद्रास इलाख्यातही झाले होते, त्यामुळे ‘पहिला’ हे विशेषण प्रवरेला जपून लावायला हवे. प्रवरेचे वेगळेपण असे की तिथून एक साचा तयार झाला: शेतकऱ्याचे भाग, सरकारची हमी, वित्तसंस्थेचे कर्ज आणि उसाच्या बिलातून कापली जाणारी ठेव. १९६१ मध्ये पंतप्रधान नेहरू प्रवरानगरला आले, तोवर राज्यात असे डझनभराहून जास्त कारखाने उभे राहिले होते.

या वाढीला कायद्याचाही हात होता. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानंतर कारखान्याला परवाना लागू लागला आणि परवाने देताना सरकारने सहकाराला झुकते माप दिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे गेले. सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेकाठी तात्यासाहेब कोरे, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील, पंचगंगेवर रत्नाप्पा कुंभार अशी माणसे पुढे आली. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि दूधसंघ वाढले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी बहुधा त्याच घराण्यांची माणसे दिसू लागली.

समाजशास्त्रज्ञांचे लक्ष इथे वेधले गेले. बी. एस. बाविस्कर यांनी १९६० च्या दशकात कोपरगाव भागातल्या कारखान्याचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. राजकारण शिरले की सहकार बिघडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. बाविस्करांनी निवडणुका, गटबाजी, नेमणुका आणि ऊस नेण्याच्या पाळ्या यांचा बारकाईने माग काढला. त्यांना दिसले ते असे: सभासदांच्या हाती मत आहे आणि विरोधी गट टपून बसला आहे, तोवर संचालक मंडळाला भाव चांगला द्यावाच लागतो. गटबाजीचा त्रास खरा, पण पुष्कळदा लगामही तीच घालते.

कॅनडातले मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवूड यांनी नीरा खोऱ्यात काम केले. त्यांचे पुस्तक १९९२ मध्ये निघाले. दोन-तीन एकरांचा शेतकरी आणि मोठा बागायतदार एकाच संस्थेत टिकतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर यंत्रात सापडते. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून ऊस एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडणे बरे. गाळप चालू झाले की ते रात्रंदिवस चालू ठेवावे लागते, आणि एवढा ऊस मोठ्या बागायतदारांच्या रानांतून पुरत नाही. छोट्यांचा ऊस आला नाही तर कारखाना अर्ध्या क्षमतेवर फिरतो, खर्च वाढतो आणि भाव मोठ्यांचाही पडतो. वजनकाट्यावर दोघांच्या गाडीचे वजन त्याच काट्याने होते आणि दर टनाचा भाव दोघांना सारखा मिळतो. देशाच्या इतर भागांत पुढाऱ्यांच्या आदर्शवादावर चालवू पाहिलेल्या अनेक सहकारी संस्था बुडाल्या. इथल्या कारखान्यांना मोठ्यांच्या स्वार्थानेच छोट्यांशी बांधून ठेवले होते.

ही सांगड मात्र ऊस पिकवणाऱ्यांपुरतीच होती. ऊस तोडणारा तिच्यात कुठेच नव्हता. बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी या कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम आधीच उचल देऊन ठेवतो आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ हंगामभर राबतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या कारखान्यांसाठी जाणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांवर लिहिले आणि सभासदांची भरभराट कोणाच्या श्रमावर उभी आहे ते उघड केले. तोडकरी सभासद होऊ शकत नाही, कारण त्याच्या नावावर ऊस नाही, आणि सभासद नाही म्हणून त्याला मतही नाही. बाविस्करांना दिसलेला लगाम त्याच्या हाती कधीच आला नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. सहकाराच्या यशाच्या कोणत्याही हिशेबात ही नोंद पहिल्या पानावर हवी.

१९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि जुना साचा सैल झाला. थकलेल्या कर्जांपायी अनेक सहकारी कारखाने बँकांच्या ताब्यात गेले आणि लिलावात खासगी हातांत आले. काही ठिकाणी घेणाऱ्या कंपन्या राजकीय घराण्यांशी संबंधित होत्या. दुसरीकडे झोनबंदी उठल्याने शेतकऱ्याला ऊस कुठेही घालण्याची मोकळीक मिळाली, आणि शेतकरी संघटनेने सुरू केलेली भावाची लढाई दर हंगामाच्या तोंडावर ऊसपरिषदांतून चालू राहिली. २००९ पासून केंद्र सरकार उसाला रास्त व किफायतशीर दर ठरवते. तो देणे सहकारी आणि खासगी दोन्ही कारखान्यांना सारखेच बंधनकारक आहे.